काटा निवांत आहे

जव्हार-मोखाड्याकडे सरकारचं लक्ष नाही असं म्हणणाऱ्याची जीभ झडो. या दोन तालुक्यांत जेवढी मोजमापं झाली, तेवढी महाराष्ट्रात क्वचितच कुठे झाली असतील. 1992 साली वावर-वांगणीत कुपोषणाने बालमृत्यू झाले, मुंबईहून गाड्यांचे ताफे आले, आणि तेव्हापासून इथल्या पोरांची वजनं, उंच्या आणि दंडाचे घेर मोजणं अव्याहत चालू आहे. टँकरच्या खेपा मोजल्या जातात. मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं किती पाणी रोज मुंबईला जातं, तेही मोजलेलं आहे: 455 दशलक्ष लिटर. मोजायचे राहिले होते ते फक्त जीपच्या इंजिनाचे फेरे. तो अनुशेष यंदाच्या मे महिन्यात भरून निघाला.

भरून काढला आमच्या एका स्नेह्यांनी. राहणार ठाण्याचे, शेतघर सूर्यमाळला, आणि दारात 1968 सालची हाय-बॉनेट जीप. विलिजच्या ‘सीजे-थ्री-बी’चा हा महिंद्रांनी घडवलेला देशी अवतार. बॉनेट इतकं उंच की समोरचा खड्डा आत पडल्यावरच कळतो. डॅशबोर्डवर वेग, पेट्रोल, तेलाचा दाब, पाण्याचं तापमान आणि बॅटरीचा चार्ज एवढाच संसार. आरपीएम मीटर कंपनीने कधी दिलाच नाही. फेरे ज्याने त्याने कानाने नाहीतर हाताने ओळखावेत, अशी पद्धत. जव्हार-मोखाडा रस्त्यावरचे काळी-पिवळी जीपवाले आजही तसेच ओळखतात. मागे डझनभर माणसं, दोन कोंबड्या आणि टपावर तांदळाची पोती असताना गियरच्या दांड्यावर नुसता तळहात ठेवून सांगतात, “दम टाकायला लागली”, आणि खालचा गियर टाकतात. पण तळहाताला बॅकलाइट नसतो आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकता येत नाही.

म्हणून मीटर आला. तोही वायरलेस. का, तर गाडीचं अस्सलपण राखायला. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला वीस हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांचा मानाचा नंबर मिळतो. अट एवढीच की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा. शिवाय ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर न्यायची. (जुनी जीप बाळगणारा तसाही शेवटच्या दोन कामांपलीकडे फारसा जात नाही, हे नियम करणाऱ्याला नेमकं ठाऊक असावं.) तर त्या नंबरावर डोळा ठेवून, इंजिन आणि पाय यांच्या मधल्या पत्र्याला वायरीसाठी भोक पाडायचं नाही, असा निश्चय झाला.

आत कारभार असा. कॉइलच्या मायनस टोकाला एक चिमुकली डबी जोडायची. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. डबी त्या मोजते आणि हवेतून मीटरला कळवते. डबी आणि मीटर यांच्यात अंतर अडीच हात. या अडीच हातांत रेंज कायम फुल. जव्हारच्या मिस्त्रीने बॉनेटवर कोपरं टेकून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “साहेब, जुगाडाला घातलेल्या मोटरसायकलच्या क्लच वायरचं भोक तुमच्या पत्र्याला आधीच आहे. त्यातून तार काढू का?” त्याला अस्सलपणातलं काही कळत नाही.

जोडणी झाली, पण मीटर जागा होईना. आधी मोबाइलवर ॲप घ्यायचं, ॲपमध्ये नाव नोंदवायचं, त्याला इंटरनेट लागतं. खोडाळ्याकडे जाताना एका वळणावर रेंज येते असं कळलं, म्हणून तिथे जाऊन उभे राहिलो. तिथे आमच्या आधीच एक अंगणवाडीताई हात वर करून उभ्या होत्या.

“भाऊ, इथं नाही यायची. त्या दगडावर चढा, एक कांडी येते.”

ताई ‘पोषण ट्रॅकर’मध्ये वजनं भरत होत्या. 2021 साली हे ॲप आलं. त्याच वर्षी राज्यभरातल्या सेविकांनी सरकारचे मोबाइल सरकारला परत केले होते, कारण ते चालत नव्हते आणि ॲप इंग्रजी बोलत होतं. ताईंच्या पिशवीतून एक कागदी पट्टी डोकावत होती. स्नेह्यांनी कुतूहलाने हातात घेतली. बाळाच्या दंडाभोवती गुंडाळायची. हिरव्यात आलं तर ठीक, पिवळ्यात आलं तर सांभाळा, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे लालमध्ये आलं, तर बाळ अतितीव्र कुपोषित.

“याला सेल कुठे घालतात?” स्नेही.

“नाही लागत.”

“मग लाल झाल्यावर अलार्म कसा वाजतो?”

ताईंनी उत्तर दिलं नाही. त्यांचं एक नाव तेवढ्यात अपलोड झालं होतं आणि त्या दुसऱ्याच्या मागे होत्या.

दुपारी तोरंगण घाटात चाचणी. मीटर आता जिवंत होता. डायल आठ हजारांपर्यंत, त्यात काटा चौदाशेवर, निवांत. या इंजिनाची ताकद चार हजारांवर संपते हा भाग वेगळा. “बघा,” स्नेही ओरडले, “पाव इंजिनसुद्धा वापरलेलं नाही!” ओरडले, कारण दुसऱ्या गियरमध्ये इंजिन असं किंचाळत होतं की शेजारच्याचं ऐकू येत नव्हतं. पण किंचाळणं हा अनुभव झाला, चौदाशे हा आकडा. आकड्यावर विश्वास ठेवणं हे सुशिक्षिताचं लक्षण. तापमानाचा जुना काटा पहिल्याच वळणावर शेवटच्या टोकाला जाऊन बसला होता. मूळचा, कंपनीचा, वायरवाला. त्याच्याकडे कोण बघतो? पुढच्या वळणावर बॉनेटमधून वाफेचा लोट आला.

रेडिएटरला पाणी हवं. मे महिन्यात मोखाड्यात पाणी मागणं म्हणजे शेजाऱ्याकडे मंगळसूत्र मागण्यासारखं. रस्त्याच्या कडेने तीन बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन येत होत्या. त्यातल्या वयस्क आजींनी हंडा उतरवला, स्टीलचा एक तांब्या भरून दिला, आणि स्नेह्यांनी दुसऱ्यासाठी हात पुढे केला तेव्हा म्हणाल्या, “एवढंच, बाबा. बाकीचं मुंबईला मागा. आमचं तिकडंच जातंय.”

जीप टोचन लावून जव्हारला आणली. मिस्त्रीने मीटर काढून उलटा केला. मागे एक बारीक बटण होतं: चार, सहा, आठ. ते आठवर होतं. परदेशात मोठ्या गाड्यांना आठ सिलिंडर असतात, दर फेऱ्याला चार ठिणग्या. मीटर आठच्या हिशेबाने मोजत बसला, गाडी चारची, म्हणून प्रत्येक आकडा बरोबर निम्मा. चौदाशे दिसत होते तेव्हा इंजिन अठ्ठावीसशेवर होतं. मीटर खोटं बोलत नव्हता. त्याला फक्त भागाकार चुकीचा सांगितला होता.

आम्हाला हे बटण ओळखीचं वाटलं. इथे पूर्वी कुपोषणाच्या एक ते चार श्रेणी होत्या. मग जागतिक आरोग्य संघटनेचे निकष आले, श्रेणी गेल्या, ‘सॅम’ (अतितीव्र) आणि ‘मॅम’ (मध्यम तीव्र) आले. निकष शास्त्रीयच आहेत, तक्रार त्यांची नाही. पण बालक दगावलं की कारणाच्या रकान्यात न्यूमोनिया लिहिला जातो, जन्मतः कमी वजन लिहिलं जातं, मुदतपूर्व प्रसूती लिहिली जाते. ते सगळं खरंही असतं. आईच्या ताटात काय होतं, याला मात्र त्या फॉर्मात रकाना सापडत नाही. एकेक कारण वेगळं भागून घेतलं की काटा कसा खाली राहतो.

मिस्त्रीने बटण चारवर आणलं, नवा होज बसवला, गाडी उभ्या उभ्या रेस केली. काटा टुणकन तीन हजारांवर गेला. स्नेह्यांचा चेहरा पडला.

“एवढं दाखवतो?”

“एवढं असतंच साहेब. पहिल्यापासून.”

स्नेही जीपभोवती एक चक्कर मारून आले. मग मिस्त्रीला बाजूला घेऊन म्हणाले, “असं कर, ते परत आठवरच ठेव. गाडीत पाहुणे बसतात. उगाच घाबरतात.”

मिस्त्रीने बटण सरकवलं, हात पुसले. “बारावाला मिळाला तर बघा,” तो म्हणाला, “आणखी निवांत चढेल.”

साहेबांनी लगेच खिशातून मोबाइल काढला.