पावती फाडून आणलेल्या मनी प्लांटास

चि. मनी प्लांट यास,
माजी मुक्काम : टीव्हीशेजारचं टेबल, तिसरा मजला, पुणे.

अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र उघडं लिहितो आहे. घरातल्या घरात बोलून झालं, समजावून झालं, एकदा तर पाहुण्यांसमोर बोलून झालं; तू ढिम्म. आता चार लोकांत विषय काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

येत्या दसऱ्याला तुला आमच्याकडे येऊन दोन वर्षं होतील. आलास तेव्हा तुला सात पानं होती. आजही सातच आहेत. मध्यंतरी पाच नवी फुटली आणि पाच जुनी पिवळी पडून गळाली, म्हणजे जमा तेवढाच खर्च. नावात 'मनी' आहे म्हणून माझ्या पासबुकाशी इतकं इमान राखायची गरज नव्हती. नवी पानंही कशी, तर आधीच्यापेक्षा लहान, आणि दोन पानांच्या मध्ये वीतभर नुसता दांडा. जगदीशचंद्र बोस यांनी झाडाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ नावाचं यंत्र बनवलं होतं. ते तुझ्यासमोर मांडलं असतं, तर बोसांनी आधी यंत्र बिघडलंय का ते तपासलं असतं.

बरं, तुझं कूळ काही लेचंपेचं नाही. दक्षिण पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटावरचं तुमचं घराणं. चढायला झाड मिळालं की तुम्ही वीस-वीस मीटर चढता आणि पान दोन हात लांब होऊन कडेनं फाटतं. जुन्या बंगल्यांच्या आवारात आंब्याच्या खोडाला असा वेल दिसला की लोक थांबून विचारतात, हे कसलं हो झाड? ते तुझंच भावंड. आणि तू? टेबलावरून खाली लोंबत राहिलास. (लोंबत आम्हीच सोडलं, हे कबूल. पण दिवाणखान्यात आंब्याचं खोड कुठून आणू?)

आमच्या मायेत मात्र तुला खोट काढता येणार नाही. सकाळी पूजा आटोपली की आई तांब्यातलं उरलेलं पाणी तुला घालते. दहाला मावशी फरशी पुसायला येतात, त्या बादली भरताना एक मग तुझ्या नावाचा काढतात. संध्याकाळी मी कामावरून येतो, दिवसभर या पोराला कुणी पाणी विचारलं नसेल या कळवळ्यानं अर्धी बाटली ओततो. तिघांपैकी कुणीही दुसऱ्याला हे सांगितलेलं नव्हतं. चांगलं काम गाजावाजा न करता करावं, असं आमच्या घरचं वळण आहे.

तुझी कुंडी सिरॅमिकची, पांढरीशुभ्र, वाढदिवसाला आलेली. तिला खाली भोक नाही. भोक असतं तर टेबलावर डाग पडले असते. त्यामुळे एवढं सगळं पाणी जिथं घातलं तिथंच राहिलं, आणि त्यात तू मान टाकलीस. मान टाकलेलं झाड पाहिलं की माणूस काय करतो? आणखी पाणी घालतो. मुळांनाही श्वास घ्यायला हवा लागते, मातीतली सगळी पोकळी पाण्यानं भरली की ती गुदमरून सडतात, आणि सडलेल्या मुळांना पाण्यात बसूनही पाणी ओढता येत नाही, हे आम्हाला कोण सांगणार? तहानेनं सुकलेलं झाड आणि बुडून सुकलेलं झाड दिसायला सारखंच दिसतं. निदान वेगळ्या रंगात तरी सुकायचंस.

गेल्या महिन्यात शेवटी मी मातीत बोट खुपसलं. दोन पेरं आत गेलं आणि गटारासारखा वास आला. गड्डा उपटून पाहिला. नर्सरीतल्या लाल मातीचा गोळा तसाच्या तसा, मधोमध विटेसारखा, आणि भोवतीची मुळं तपकिरी, चिमटीत धरली तर साल हातात येत होती. पावसाळ्यात महापालिकेचा माणूस डासांच्या अळ्या शोधायला आला होता, तेव्हा त्यानं तुझ्या कुंडीत बॅटरी मारून मान हलवली होती. मला वाटलं होतं, झाड आवडलं.

आता खाण्याबद्दल. चहाचा चोथा तुला रोज मिळाला, दुधासाखरेसकट. त्याची चिलटं झाली, तुला काही झालं नाही. तांदळाचं धुवण झालं. केळ्याची सालं झाली. अंड्याची टरफलं झाली, तीही आमच्यासारख्या शाकाहारी घरात शेजारून मागून आणलेली. नाशिकच्या मेहुण्यानं द्राक्षबागेतलं १९:१९:१९ पिशवीत बांधून दिलं आणि चिमूटभर घाल म्हणाला. मेहुण्याची चिमूट एकरात मोजायची असते हे ध्यानात न घेता मी मूठभर घातलं. आठवड्याभरात पानांचे शेंडे करपले आणि मातीवर मिठागरासारखा पांढरा थर आला. घरच्या मुलानं पंचपक्वान्नं खाऊनही अंग धरलं नाही, तर माणूस काय म्हणेल? याच्या अंगालाच लागत नाही. तेच आम्ही म्हणालो.

यात एक अडचण निघाली. ब्रसेल्सच्या हेल्माँट नावाच्या गृहस्थानं सतराव्या शतकात दोनशे पौंड वाळवलेली माती कुंडीत भरून तीत पाच पौंडांचं वाळुंजाच्या जातीतलं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं. माती परत वाळवून तोलली तर सुमारे दोन औंसच कमी भरली. म्हणजे झाड माती खात नाही. हेल्माँटला वाटलं, मग पाणीच खात असणार. तिथं तो चुकला, आणि ते वाचून मला जरा बरं वाटलं. लाकूड, दांडा, पानं हे सगळं मुख्यत्वे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून बांधलं जातं, आणि बांधणारा गवंडी म्हणजे उजेड. खत हे जेवणातलं मीठ. ताटात भात वाढलाच नव्हता आणि मी मिठावर मीठ वाढत होतो.

उजेडाचं म्हणशील तर तुझी जागा आम्ही मनानं ठरवलेली नाही. मनी प्लांट आग्नेयेला ठेवावा असं वास्तुशास्त्रवाले सांगतात. आमच्या घराची आग्नेय टीव्हीच्या बाजूला पडते. खिडकी समोरच्या भिंतीला आहे, पण तिचा पडदा उघडला की टीव्हीवर चमक येते आणि मालिकेतल्या सासूचा चेहरा दिसत नाही, म्हणून पडदा दिवसभर ओढलेला. तरी मला खोली लख्ख वाटायची. गेल्या महिन्यात मोबाइलवर उजेड मोजायचं अॅप घेतलं. सकाळी अकराला खिडकीच्या कट्ट्यावर साडेतीन हजार लक्स. तुझ्या पानाशी चाळीस. उघड्यावर भर दुपारच्या उन्हात हा आकडा लाखाच्या घरात जातो. माणसाचा डोळा अंधाराशी असा जुळवून घेतो की त्याला चाळीस आणि चार हजार यांत फारसा फरक वाटत नाही. तुला वाटतो. ते वीतभर दांडे म्हणजे तू उजेडाच्या दिशेनं पुढे केलेला हात होता, आणि आम्ही त्याला 'किती छान लोंबतोय' म्हणत होतो.

हिवाळ्यात तर तू हललाच नाहीस. ते सोडून देतो. डिसेंबरातल्या पुण्यात मीही हलत नाही.

खरी बोच वेगळीच आहे. गेल्या वर्षी गणपतीत चौथ्या मजल्यावरच्या काकू दर्शनाला आल्या. प्रसाद घेतला, आरतीला उभ्या राहिल्या, आणि जाताना तुझी एक फांदी गायब. विचारलं नाही, कारण मनी प्लांट चोरूनच न्यायचा असतो, मागितला तर लागत नाही. आज ती फांदी काकूंच्या गॅलरीच्या ग्रिलवरून खाली उतरून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत डोकावते. तळहाताएवढी पानं, वर पिवळी नक्षी. तुझी नक्षी तर केव्हाच विरली.

आईनं निकाल दिला : "तू दुकानातून १८० रुपयांची पावती फाडून आणलास ना, मग कसा वाढेल?" पावती अजून पाकिटात आहे, तीच एक या व्यवहारात टिकली.

मी तुझा वकील असतो तर म्हणालो असतो, ती फांदी म्हणजे तूच. रक्त, वंश, संस्कार सगळं तेच, फक्त पत्ता बदलला. तुमच्या जातीला फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक पुरेसं बनवताच येत नाही, त्यामुळे कुंड्यांतले मनी प्लांट फुलत नाहीत, बी धरत नाहीत. घरोघरचा मनी प्लांट म्हणजे कुणाच्या तरी वेलाची तोडलेली फांदी. चोरीची समजूत कदाचित तिथूनच आली असेल. पण काकूंच्या गॅलरीचं तोंड पूर्वेला आहे, आणि त्यांच्या कुंडीला भोक आहे. शिवाय त्या पंधरा-पंधरा दिवस मुलीकडे असतात, तेव्हा पाणी घालायला घरात कुणीच नसतं. हे तुझ्या बाजूचं म्हणणं. आईपुढे ते चालणार नाही.

तरी तुझ्या समाधानासाठी सगळं केलंय. सडकी मुळं कापली, मातीचा गोळा फोडला, कोकोपीट आणि शेणखत घालून साध्या भोकाच्या कुंडीत लावलं, आकारानं लहान, म्हणजे ओल साचून राहणार नाही. पूर्वेच्या कट्ट्यावर बसवलं. पानं ओल्या फडक्यानं पुसली. शेजारच्या बांधकामाची एवढी धूळ निघाली की त्यात दुसरा मनी प्लांट लागला असता. पाण्याचं खातं एकट्या माझ्याकडे, तेही बोट खुपसून पाहिल्यावरच. तांब्यातल्या उरलेल्या पाण्यासाठी आईला तुळस दाखवली. टीव्हीशेजारी भकास दिसायला लागलं म्हणून बायकोनं तिथं प्लास्टिकचा मनी प्लांट आणून ठेवला आहे. मावशी त्याला रोज एक मग घालतात आणि तो तुझ्यापेक्षा टवटवीत दिसतो, हे तुला कळावं.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
पालक

ता. क. : महिना होत आला, एक गुंडाळलेलं पान दिसतंय, अजून उलगडलेलं नाही. एवढ्यावर माझा विश्वास नाही. काकू कालपासून मुलीकडे गेल्या आहेत आणि त्यांची फांदी आमच्या खिडकीपासून हातभरावर आहे. आई म्हणाली, "कात्री ओट्यावर ठेवली आहे. मी देवळात जाऊन येते, मला काही माहीत नाही."