प्रभारी साहेब, पगार तोच

यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबच्या एका गुरुजींचं सध्या बसस्टँडपासून अडाण नदीच्या पुलापर्यंत जो भेटेल तो अभिनंदन करतोय, आणि दर अभिनंदनाला गुरुजी दचकताहेत. वरच्या कचेरीतून पत्र आलंय. केंद्रप्रमुखाची जागा रिक्त झाली आहे, सेवाज्येष्ठतेनं आपलं नाव लागतं, तरी पुढील आदेशापर्यंत आपण प्रभार सांभाळावा. चौथीचा वर्ग सोडायचा नाही. शाळेच्या मुख्याध्यापकपणाचा प्रभार आधीपासून आहे, तोही सोडायचा नाही. पत्राची झेरॉक्स इतकी पुसट, की जावक क्रमांकसुद्धा लागत नव्हता. एकच ओळ लख्ख वाचता येत होती : ‘यासाठी कोणतेही अतिरिक्त वेतन अथवा भत्ते अनुज्ञेय राहणार नाहीत.’

गुरुजींनी विचार करायला दोन दिवस मागितले. कचेरीनं ते मोठ्या मनानं दिले. सोबत तोंडी निरोपही दिला, की निर्णय सर्वस्वी तुमचा आहे, फक्त नकार दिलात तर त्याची कारणं लेखी द्यावी लागतील आणि ती समाधानकारक नसतील.

टपरीवर या विषयाची सुनावणी झाली.

“सर, तुमी आता साहेब झाले म्हना की.”

“झालो बाप्पा.”

“पगार कितीक वाढला?”

“काहीच नाही.”

“मंग साहेब कायचे झाले?”

घरी तर याहून कमी शब्दांत निकाल लागला. गुरुजींनी सांगून पाहिलं, की पैसा नसला तरी मान आहे. काकूंनी तुरीच्या डाळीतला खडा बाजूला टाकत विचारलं, “मानावर गाडी चालते का? मंग पेट्रोल कायले भरता?” एवढा नेमका आक्षेप राज्याच्या वित्त विभागालाही आजवर सुचलेला नाही.

आता हे पद काय आहे ते पाहू. केंद्रप्रमुख १९९४ पासून अस्तित्वात आहेत. दहाएक शाळांमागे एक जाणता माणूस असावा, त्यानं शाळाशाळांत जाऊन बसावं, वर्ग पाहावा, शिक्षकाला अडेल तिथे हात द्यावा, असा मूळ बेत. राज्यभरात अशी ४,८६० पदं मंजूर झाली. बेत चांगलाच होता, यात मला शंका नाही. पण जागा रिकामी झाली की भरायची असते, हे मंजुरीच्या कागदावर ठळक लिहायचं राहून गेलं असावं. त्यामुळे आजचा प्रभारी केंद्रप्रमुख सकाळी डोळे उघडतो तो व्हॉट्सॲपवर. रात्री अकराला वरून एक तक्ता आलेला असतो. त्यावर ‘अतितात्काळ’. माहिती उद्या दुपारी चारपर्यंत. माहिती निरंक असल्यास निरंक म्हणून कळवावे. मग हा प्रभारी दहा शाळांच्या दहा प्रभारी मुख्याध्यापकांना फोन लावतो, त्यांतले चार रेंजमध्ये नसतात, दोन पोषण आहाराचे तांदूळ मोजत असतात, एक बीएलओ म्हणून मतदारयादी घेऊन घरोघरी फिरत असतो. उरलेल्यांची माहिती यू-डायसच्या सरकारी नोंदींशी जुळत नाही. विद्यार्थ्याचं आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव यांत एका वेलांटीचा फरक असतो आणि त्या वेलांटीपायी अख्ख्या केंद्राचं काम ९८ टक्क्यांवर अडून बसतं. शनिवारी झाडाबरोबरचा फोटो अपलोड करायचा असतो. या सगळ्यात चौथीचा वर्ग कोण घेतं? चौथीतला जो पोरगा जरा हुशार आणि दांडगा असतो, तो. तोही प्रभारीच, आणि त्यालाही भत्ता नाही.

दहा शाळांना दहा प्रभारी मुख्याध्यापक कसे, असं शहरातला वाचक विचारील. त्याचं गणित सोपं आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला १५० च्या वर मुलं असतील तरच मुख्याध्यापक, सहावी ते आठवीला १०० च्या वर असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, असा हिशेब दिलाय. आमच्याकडच्या वाड्यावस्त्यांवर, तांड्यांवर १५० मुलं कुठून आणायची? म्हणजे पद नाही. पण दाखल्यावर सही लागते, बँकेच्या खात्यावर सही लागते, शाळा व्यवस्थापन समितीला सचिव लागतो. काम आहे, पद नाही. मग जो ज्येष्ठ, तो प्रभारी. दोन शिक्षकी शाळेत तर निम्म्या शिक्षकवर्गाला साहेब व्हावं लागतं आणि उरलेल्या निम्म्यावर साहेबी करावी लागते.

आणि दोष एकट्या शाळांना का द्यावा? जिल्हा परिषदांच्या निवडणुका २०१७ च्या फेब्रुवारीत झाल्या, मार्च २०२२ मध्ये मुदती संपल्या, आणि यवतमाळसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांत मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक म्हणून बसले. लोकांनी निवडायच्या अख्ख्या सभागृहाचा प्रभार एका टेबलावर आला. जिथे लोकशाहीच अतिरिक्त कार्यभार म्हणून सांभाळली गेली, तिथे एका केंद्रप्रमुखाचं काय घेऊन बसलात?

हंगामी खुर्चीचा इतिहास तसा थोर आहे. गुलझारीलाल नंदा दोनदा हंगामी पंतप्रधान झाले. १९६४ मध्ये नेहरू गेल्यावर आणि १९६६ मध्ये शास्त्रीजी गेल्यावर, दोन्ही वेळा मोजून १३ दिवस. दोन्ही वेळा ते मुकाट्यानं खाली उतरले. आपल्या राज्यात नोव्हेंबर १९६३ मध्ये कन्नमवार मुख्यमंत्रिपदावर असतानाच वारले, तेव्हा बाळासाहेब सावंत म्हणजे प. कृ. सावंत हंगामी मुख्यमंत्री झाले. त्यांना दहा दिवस मिळाले. ५ डिसेंबरला आमच्याच जिल्ह्यातल्या, पुसदजवळच्या गहुलीच्या वसंतराव नाईकांनी शपथ घेतली ती थेट १९७५ पर्यंत. यवतमाळ जिल्ह्यानं यातून घ्यायचा धडा उघड होता : हंगामी दुसऱ्यानं व्हावं, कायम आपण. जिल्ह्यातल्या शिक्षकांनी नेमका उलटा धडा घेतला.

जुनी माणसं शकुंतलेचीही आठवण काढतात. यवतमाळहून दारव्ह्यामार्गे मूर्तिजापूरला जाणारी आमची ही नॅरोगेज गाडी. तिचा गार्ड शिट्टी फुंकायचा, झेंडी दाखवायचा आणि तिकिटंही फाडायचा. बिनपगारी जादा कामाची सवय या मुलखाच्या हाडात तेव्हापासूनच असणार. फरक एवढाच, की गार्डाला रात्री अकराला कुणी तक्ता पाठवत नसे.

गुरुजींनी मात्र अभ्यास केला. शिक्षकाला अभ्यासाची खोड असते, ती प्रभाराच्या दिवसांतही जात नाही. त्यांना ‘महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम, १९८१’ सापडले. त्यातला ५६ वा नियम एकाहून अधिक पदं सांभाळणाऱ्याच्या वेतनाविषयी आहे. म्हणजे जादा कामाचे जादा पैसे ही कल्पना सरकारला ऐकून माहीत आहे, असं दिसतं. केंद्र सरकारच्या मूलभूत नियमांतला ४९ वा नियम त्याहून चतुर. त्यात नुसत्या ‘नेहमीच्या कामाचा चालू कार्यभार’ सांभाळणाऱ्याला कितीही दिवस झाले तरी जादा वेतन नाही. अख्खं पद दिलं तर पैसे द्यावे लागतात, म्हणून पद द्यायचंच नाही. फक्त त्याचं काम द्यायचं. असं वाक्य लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला त्या वर्षी नक्की खरी बढती मिळाली असेल.

न्यायालयांनीही या प्रश्नाचा कीस पाडलाय. गोव्याचे रमाकांत श्रीपाद सिनाय अडवलपालकर नव्वदच्या दशकाच्या तोंडावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालय म्हणालं, खालच्या पदावरच्या माणसाला वरच्या पदाचं काम पाहायला सांगणं म्हणजे बढती नव्हे. त्याला वरच्या पदाचा पगार मिळत नाही, मिळतो तो कार्यभार भत्ता. आपल्या कचेऱ्यांनी या निवाड्याचा पूर्वार्ध तोंडपाठ केला. भत्त्याचा उल्लेख पुढच्या पानावर असावा आणि ते पान उंदरांनी नेलं असावं.

मग १९९८ साली सेल्वराज यांचा निकाल आला. हे गृहस्थ अंदमानातले, आणि आमच्या गुरुजींसारखेच प्राथमिक शिक्षक. प्रशासनानं त्यांच्याकडे स्काउट विभागाच्या सचिवपदाचं काम सोपवलं आणि वेतन नाकारलं. न्यायालयानं त्यांना बढती दिली नाही, पण जितका काळ काम केलं तितक्या काळाचा फरक द्या, असं बजावलं. त्याच वर्षीचं चंदीगडचं हरिओम शर्मा प्रकरण तर आमच्या गुरुजींनी वहीत उतरवून घेतलंय. हे कनिष्ठ अभियंता. १९९० मध्ये त्यांना तात्पुरतं वरच्या पदावर बसवलं आणि त्यापोटी काही मागणार नाही असं लिहून घेतलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असं लिहून घेणं सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे आणि करार कायद्याच्या २३ व्या कलमापुढे ते टिकत नाही. सरकारनं माणसाकडून फुकट राबण्याची कबुली घेतली, तरी ती कबुली कागदाच्या किमतीची नाही.

हे कळल्यावर गुरुजींच्या चेहऱ्यावर तेज आलं. ते फार टिकलं नाही. निवाडे दिल्लीत लागतात आणि वेतनदेयकं तालुक्याला निघतात. मधल्या अंतरात माणूस निवृत्त होतो. सेल्वराज, शर्मा यांना न्याय मिळाला तो ते वकील लावून वर्षानुवर्षं भांडले म्हणून. इथे १२ वर्षांनंतरची चट्टोपाध्याय वेतनश्रेणी मिळवताना सेवापुस्तकाचे कोपरे झिजतात आणि २४ वर्षांनंतरची निवडश्रेणी २० टक्के शिक्षकांच्या पुढे सरकत नाही. अशा माणसानं प्रभाराच्या फरकासाठी दिल्ली गाठावी, हे म्हणायला ठीक.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. पद भरलं की पगार, वाढ, रजा, पुढे निवृत्तिवेतनाचा वाटा. न भरलं की सगळी बचत आणि काम तेवढंच. इतका स्वस्त कर्मचारी जगात कुठलीही खासगी कंपनी देऊ शकणार नाही. शिवाय प्रभारी माणूस मऊ असतो. त्याची चूक झाली तर ती त्याची, काम चांगलं झालं तर ते पदाचं. त्याच्या हातातून प्रभार काढून घ्यायला कारण लागत नाही आणि त्याच्यावर तो लादायलाही लागत नाही. पोळ्याच्या बैलाला निदान एक दिवस तरी झूल, बेगड आणि पुरणपोळी मिळते. प्रभाऱ्याला गुच्छ मिळतो, तोही शिक्षकांनीच वर्गणी काढून आणलेला, आणि वर्गणीत त्याचेही वीस रुपये असतात.

तरी गुरुजी पद घेतील, हे मला माहीत आहे. भीतीपोटी म्हणा, पण एकट्या भीतीपोटी नाही. केंद्रातल्या दोन शाळांत पोरांना वाचताच येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे आणि आपण तिथे जाऊन बसलो तर येईल, असं त्यांना खरंच वाटतं. सरकारचा सगळा कारभार या एका खात्रीवर बिनव्याजी चालतो. मला या सगळ्यात संताप येतो तो नेमका इथे. चांगल्या माणसाचा चांगुलपणा हा अर्थसंकल्पातला बचतीचा मार्ग झाला आहे, आणि त्याची नोंद कुठल्याही लेखाशीर्षाखाली होत नाही.

तेव्हा गुरुजी, आणि तुमच्यासारखेच जे आज वेगवेगळ्या तालुक्यांत अभिनंदन चुकवत फिरताहेत त्या सगळ्यांना माझं सांगणं : प्रभार घ्यायचा तर घ्या. पण फोनवरच्या आणि व्हॉट्सॲपवरच्या आदेशावर घेऊ नका. सही, शिक्का, तारीख आणि जावक क्रमांक असलेला कागद मागा. त्यावर मुदत लिहून मागा. कार्यभार भत्त्यासाठी पहिल्याच महिन्यात अर्ज करा, दुसऱ्या महिन्यात स्मरणपत्र द्या आणि दोन्हींची पोच घ्या. मोबदला मागणार नाही असं हमीपत्र पुढे केलं, तर हरिओम शर्मांचं नाव सांगा आणि पेन खिशात ठेवा. सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ठेवा. पैसे स्वतःचेच द्यावे लागतील, शाळेच्या किरकोळ खर्चाची, म्हणजे सादिलवारची तरतूद संपली आहे.