देवाच्या फोटोमागं त्रेचाळीस हजार

अहो, ऐकलंत का? राहू द्या ती बादली तिथंच, चार दिवसांनी आलंय पाणी, भरेल सावकाश. इकडं भिंतीशी या जरा. समोरच्या अक्कांच्या थोरलीचं कळलं ना? नाही? म्हणजे तुम्ही गावाला गेला होतात तेव्हा झालं वाटतं सगळं. अहो, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सुटत होतं तिचं! आणि पैसे कुठं होते सांगू? देव्हाऱ्यात. सिद्धरामेश्वरांच्या फोटोमागं.

थांबा, नीट सांगते.

अक्कांचं घर तुम्हाला माहितीच आहे. मालक टॉवेलच्या कारखान्यात, हप्त्याला पगार. अक्का पहाटे चारला उठून कडक भाकऱ्या थापतात, त्या आवाजावरच तर आमचे हे अंगावरचं पांघरूण ओढून घेतात पुन्हा. पोरगी हुशार. कॅप राउंडातून लागली, कोणाच्या पाया पडावं लागलं नाही. ओबीसीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सगळी फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरायची बिचारी. तेव्हा निम्मीच फी सरकार द्यायचं. पण कॉलेज (नाव नका विचारू, भिंतीला कान असतात) कॉलेज म्हणायचं, आधी सगळी भरा, सरकारचे येतील तेव्हा तुमच्या खात्यात येतील. पहिल्या वर्षी सोसायटीचं कर्ज काढलं, भरले. दुसऱ्या वर्षी अक्कांच्या पाटल्या गेल्या गहाण. तरी काही बाकी राहिलीच.

पहिल्या वर्षाचे निम्मे आले हो खात्यात. दुसऱ्या वर्षाचे काही येईनात. महाडीबीटीवर बघितलं तर पैसे दिलेत म्हणून दिसतंय, आणि बँकेत जाऊन बघावं तर खात्यात दीडशे रुपये! कॉलेजातल्या बाबूला विचारलं तर तो मान वर न करता म्हणाला, “तुमचे पैसे गेले, आता तुमचं तुम्ही बघा.” अक्का मला सांगताना नुसत्या पदराचं टोक पिळत होत्या. “पोरगी रडालीय ओ, जेवायलासुद्धा नको म्हणतीय.”

तर काय सांगत होते… हां, त्याआधी २०२४ चा जुलै आला. टीव्हीवर एकच बातमी, मुलींना शंभर टक्के फी माफ. ८ जुलैचा तो जीआर. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की झालं. आणि आधीपासून शिकतायत त्यांनाही, नुसता फॉर्म रिन्यू करायचा. तिसरं वर्ष अक्कांचं निभावलं हो त्यात. पण मागची बाकी? ती कॉलेजनं वहीत लिहून ठेवलेली. गेल्या वर्षी शेवटच्या वर्षाचा प्रवेश घ्यायला गेली, तर आधी बाकी भर म्हणे. आता पाटल्यासुद्धा नव्हत्या उरल्या.

आता मधे एक सांगायचं राहिलं, बंगल्यावाल्या वहिनींचं. जरा हळू बोला, त्यांची खिडकी उघडी आहे. त्यांची थोरली पुण्याला शिकते, मॅनेजमेंट कोट्यातून. किती भरले ते आकडे आपल्याला तीनदा ऐकवून झालेत. त्याच २०२४ च्या जुलैत मी आमच्या ह्यांच्या दाखल्यासाठी सेतूला गेले होते, तर रांगेत तोंडाला स्कार्फ बांधून कोण उभं? मी चपलेवरून ओळखलं. आठ लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला काढायला! दारात चारचाकी… जाऊ दे, मी काही म्हणत नाही. दाखला मिळाला म्हणे. पण खिडकीतला मुलगा म्हणाला, “मॅडम, कॅपमधून प्रवेश असला तरच हे चालतं, मॅनेजमेंटला नाही.” स्कार्फच्या वर दोनच डोळे दिसत होते, पण ते दोन डोळे कसे उतरले, काय सांगू तुम्हाला! मी आपली भिंतीवरचा कागद वाचत उभी राहिले. माणुसकी म्हणून.

हो, तर अक्कांची पोरगी. ती गेली महा ई-सेवा केंद्रातल्या त्या पोराकडं. त्यानं दोन मिनिटांत विचारलं, “ताई, तुझ्या आधारला कुठलं खातं जोडलंय ते बघितलंस का?” आता सरकारचे पैसे खात्याच्या नंबरावर जात नाहीत हो, आधारला शेवटचं जे खातं जोडलं त्यात जातात. हिला काय माहीत! तिनं फॉर्मवर आपलं जुनं बँकेचंच खातं दिलेलं. त्या पोरानं ओटीपी टाकून बघितलं तर आधारला पोस्टाचं खातं!

कधी काढलं होतं ते आठवा. तोच २०२४ चा पावसाळा, लाडक्या बहिणीची धांदल. आपण नाही का सगळ्या पोस्टाच्या दारात उन्हात उभ्या होतो, तुमची चप्पल तुटली होती बघा. अक्कांनी पोरीलाही ओढून नेलं होतं बरोबर, हिचंही खातं काढून ठेवू म्हणून. फॉर्म बाद झाला, एकवीस कुठं पूर्ण होती तिला. पण खातं राहिलं ना! आणि दुसऱ्या वर्षाचे पैसे उशिरानं आले ते थेट तिथं जाऊन बसले. पोस्टानं दिलेलं ते ठिपक्या-ठिपक्यांचं कार्ड अक्कांनी जपून ठेवलेलं, कुठं, तर फोटोमागं. उदबत्तीच्या धुरानं पिवळं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमनकाका गल्लीत आले तेव्हा अक्कांच्या ओट्यावर आम्ही सहा जणी. पोरीनं त्या मशीनवर अंगठा ठेवला. एकदा घेतला नाही, भाकरीचं पीठ होतं बोटाला. पुसून पुन्हा ठेवला. काकांनी चष्मा वर करून वाचलं, त्रेचाळीस हजार आणि काहीतरी सुटे. अक्का मटकन खालीच बसल्या. रडणं नाही, हसणं नाही. एवढंच म्हणाल्या, “आणि मी पाटल्या ठेवल्या की गं.”

बाकी भरली, प्रवेश झाला. आणि पोरगी आता शहाणी झाली. तो जीआर छापून फाईलमधे वरच ठेवते. नंतर पुन्हा बाबू आधी भरा म्हणायला लागला, तर तिनं कागद पुढं केला. बाबूनं तो दोनदा वाचला आणि “बरं, बसा” म्हणाला. बसा! हिला!

पण खरी मजा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडं झाली. वाण घेता घेता बंगल्यावाल्या वहिनी म्हणतात कशा, “सरकारच्या पैशावर शिकायचं म्हणजे मनाला कसंतरीच वाटतं नाही?” अक्का तिळगूळ हातात धरून गप्प. मला काही सुचेना. तेवढ्यात आतून आमच्या सासूबाई, त्यांना म्हणे ऐकू येत नाही, त्या बोलल्या, “आमचे हे ईबीसीवर शिकले. यशवंतरावांच्या वेळी वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलं की फी माफ. मास्तर वर्गात हात वर करायला लावायचे, निम्मा वर्ग हात वर करायचा. आणि कोर्टात शिपाई होता तो पोरगा दयानंदला शिकला आणि मुख्यमंत्री झाला आपल्या सोलापूरचा, त्याला कसंतरी वाटलं नाही ते?” मग जरा थांबून, अगदी प्रेमानं, “तुमचा तो दाखला मिळाला का गं सेतूतून?”

मी सांगितलं होतं त्यांना, कबूल करते. वहिनींच्या हातातलं वाण तसंच राहिलं. चेहरा कसा, तर फ्रीजमधून काढलेल्या वांग्यासारखा.

आता ऐका पुढचं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. परवा तिन्हीसांजेला वहिनी अक्कांच्या दारात. भाकरी घ्यायला म्हणून आल्या, पंचवीस कडक भाकऱ्या आणि पावशेर शेंगा चटणी, आणि निघता निघता म्हणाल्या, “आमच्या धाकटीची यंदा बारावी आहे. कॅपचा फॉर्म कसा भरायचा, तुमच्या लेकीला जरा विचाराल का?” अक्कांनी आत हाक मारली. पोरगी आली, हात पुसत. भाव खाल्ला नाही हो तिनं, मी असते तर खाल्ला असता. सरळ म्हणाली, “काकू, आधी तिच्या आधारला कुठलं खातं आहे ते बघून या.”

अगं बाई, पाणी बारीक झालं की! धावा, तुमची टाकी राहिली. आणि हो, तुमच्या धाकटीचंही बघा बरं का, लाडक्या बहिणीच्या वेळी तीही होती आपल्याबरोबर पोस्टात.