पंगतीतली कोटी

पंगतीत पुरणपोळी आली की कुणीतरी काका 'पुराण पुरे, पुरण वाढा' म्हणणारच. लोक हसतात, कारण काका वरपक्षाचे असतात.

रोग जुना आहे, आणि खानदानी. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी (१८७१–१९३४) विनोदी लेखांचं ताट मांडलं ते 'सुदाम्याचे पोहे' म्हणून. लेख बत्तीस भरले तेव्हा जोडीला 'साहित्य-बत्तिशी' हे नाव. म्हणजे पोहे आले आणि ते चावायला दातही! कोल्हटकरांना गुरू मानणारे गडकरी, गडकऱ्यांना गुरू मानणारे अत्रे. कोटी अशी गुरुपरंपरेनं उतरत आली. अत्र्यांनंतर गुरू संपले, शिष्य तेवढे उरले.

त्यांनी आता पाट्या रंगवायला घेतल्यात. मिसळीच्या दुकानावर 'आमच्यात मिसळा', वड्याच्या गाडीवर 'देव पावला'. पाव पोर्तुगिजांबरोबर आला, पण त्यावरची कोटी अस्सल देशी. तिला कर नाही, मुदतही नाही. उरलेली शिळी कढी व्हॉट्सअ‍ॅपवर ऊत आणायला ठेवलेली असतेच. परवा 'सगळ्यांचं सार एकच, आमसुलाचं' ही कोटी मला नात्यातल्या एकेका गटातून येत राहिली. शेवटच्या गटात तिच्याखाली 'स्वरचित' असं लिहिलेलं होतं.