अभ्यासासाठी संगणक कसा घ्यावा

गेमिंग पीसीचा सर्वांत महत्त्वाचा सुटा भाग कोणत्याही दुकानात मिळत नाही. तो म्हणजे कारण. ते घरीच असेंबल करावे लागते. इंजिनिअरिंगच्या उमेदवाराने ऑटोकॅड म्हणावे. कॉमर्सवाल्याने टॅलीचे नाव घेऊ नये, कारण टॅली काकांच्या दुकानातल्या दहा वर्षं जुन्या डब्यावरही चालते आणि हे वडिलांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. बाकीच्यांनी 'व्हिडिओ एडिटिंग' म्हणून गप्प बसावे. ते काय असते हे घरात कोणाला नक्की ठाऊक नसते, आणि कोणाच्या तरी मुलाला त्यात पैसे मिळाल्याचे मात्र सगळ्यांनी ऐकलेले असते.

अर्ज कधी करावा? नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कंपनीत वडील असतील तर दिवाळीचा बोनस जमा झाल्यावर, पण सोनाराकडे जायच्या आधी. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबाग असेल तर ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास विषयसुद्धा काढू नये. तेव्हा घरातला प्रत्येक रुपया फवारणीत असतो आणि प्रत्येक माणूस आभाळाकडे बघत असतो. माल उतरावा, व्यापाऱ्याचा चेक वटावा, मग बोलावे. चेक मिळाल्यावर नव्हे, वटल्यावर.

पहिला आक्षेप ठरलेला : "ऑनलाइन गेमिंगवर सरकारने बंदी आणली ना रे?" ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे, ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने मान्यता दिली आहे, हे उमेदवाराने पाठ करून ठेवावे. वडील यावर "म्हणजे यात पैसे मिळत नाहीत," असा निष्कर्ष काढतील. त्याला उत्तर नाही. आईकडे बघावे.

बजेट ५०,००० धरू. हा आकडा वडिलांसाठी. दुकानदाराला ४५,००० सांगावा, म्हणजे तो बरोबर ५०,००० पर्यंत आणून सोडतो. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि यूपीएस यात धरले आहेत का, हा प्रश्न सगळ्या याद्या तयार झाल्यावर पडतो. तो आधी पाडून घ्यावा. खरेदी कॅनडा कॉर्नर-शरणपूर रोडच्या बाजूला करावी की पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडला, यावर मित्रमंडळात दोन तट असतात. मुंबईत दीड-दोन हजार वाचतात, हे कबूल. मात्र चार महिन्यांनी ग्राफिक्स कार्ड बंद पडले की तेच कार्ड मांडीवर घेऊन परत पंचवटीत बसायचे असते. दुकानदार "बिल पाहिजे का?" असे विचारील. हा प्रश्न नसून १८ टक्क्यांची ऑफर असते. पक्के बिलच घ्यावे. तीन वर्षांची वॉरंटी तोंडी शब्दावर चालत नाही.

आता ग्राफिक्स कार्ड. डब्याच्या पैशांतला तिसरा हिस्सा, जमल्यास थोडा जास्तच, इथे जाऊ द्यावा. फुल एचडीवर खेळायचे असेल तर आरएक्स ६६०० सारखे ८ जीबीचे कार्ड पहिल्या पीसीला पुरते. जुने घ्यायचे असल्यास थोडा इतिहास माहीत हवा : १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांवर चालणारे त्याचे मायनिंग एका दिवसात संपले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे जगभरच्या जुन्या बाजारात आली. विकणारा प्रत्येक जण मात्र "फक्त व्हॅलोरंट खेळलोय, तेही रविवारी" असेच सांगतो. आरएक्स ५८० फारच स्वस्त दिसले तर जीपीयू-झेड नावाचे फुकट सॉफ्टवेअर दुकानातच उघडायला लावावे. अस्सल ५८० मध्ये २३०४ शेडर असतात. तिथे २०४८ दिसले, तर ते धाकट्या ५७० चे अंग ५८० च्या खोक्यात घातलेले आहे.

प्रोसेसरच्या बाबतीत प्रत्येक घरात एक मामा असतो आणि तो म्हणतो, "घेतोच आहेस तर आय सेव्हन घे." मामांचा मान राखून सांगावे की २०११ चा आय सेव्हन २६०० आणि २०२२ चा आय थ्री १२१००एफ, दोघांनाही चारच कोअर आणि आठ थ्रेड, तरी हा आय थ्री त्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो. मामांना ते पटणार नाही. पुढे जावे. नावाच्या शेवटच्या अक्षराकडे लक्ष असू द्यावे. इंटेलच्या 'एफ'मध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसते, म्हणजे कार्डाशिवाय पडदा काळाच. रायझन ५ ५६००जी मध्ये ते असते. पैसे अगदीच कमी असतील तर तो घेऊन व्हॅलोरंटवर वर्ष काढावे आणि कार्डासाठी पुढच्या हंगामाची वाट पाहावी.

रॅमचा भाव नाशिककरांना समजावून सांगावा लागू नये. तो लासलगावच्या कांद्यासारखाच वागतो : गेल्या महिन्यात का घेतला नाही, ही हळहळ कायमची. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल हा किरकोळ गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. तरीही १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात. पट्ट्या दोन असल्या की मेमरीचा रस्ता दुपदरी होतो. आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करावे, नाहीतर ३२०० चे पैसे मोजलेला रॅम बहुधा २४०० किंवा २६६६ वरच रेंगाळतो.

यानंतर दुकानदार कॅबिनेट दाखवील. काचेचे, आत सहा पंखे, प्रत्येक पंख्यात इंद्रधनुष्य. त्याच्यासोबत "एसएमपीएस फ्री." इथे भल्याभल्यांचे उमेदवारीचे पैसे बुडाले आहेत. तो वीजपुरवठ्याचा फुकटचा डबा हातात घेऊन बघावा : ५०० वॉटचे स्टिकर, वजन जेमतेम, वायरी आखूड, कोण्या कंपनीचा ते वाचूनही कळत नाही. याच्यावर बाकीच्या सगळ्या वस्तूंचा जीव टांगलेला असतो. ८० प्लसचा शिक्का पाहावा, पण तो वीज किती वाया जात नाही एवढेच सांगतो, दर्जाची हमी देत नाही. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा घ्यावा आणि दोन इंद्रधनुष्ये कमी करावीत. मे महिन्यात वळवाचा पहिला सडाका आला की लाइट तीनदा जाऊन चारदा येतो, तेव्हा रोषणाई उपयोगी पडत नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यात राहणाऱ्यांनी आधी अर्थिंग तपासून घ्यावे. अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावला आणि बोटांना मुंग्या आल्या, तर तो आरजीबीचा प्रभाव नव्हे. वायरमन बोलवावा.

कूलरबद्दल दोनच शब्द. निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली म्हणून महागडा कूलर टाळू नये, आणि मेच्या भीतीने घेऊही नये. प्रोसेसरच्या खोक्यात येतो तो पुरे. तळाला प्लास्टिकचे आवरण असल्यास ते सोलावे.

जोडणी झाल्यावर मॉनिटरची वायर मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावावी. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये तो ६० वरच ठेवणारे आणि वर "फरक जाणवतो यार" म्हणणारे कॉलेज रोडच्या कोणत्याही कट्ट्यावर भेटतील. सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदलावा.

पहिल्या रात्री खेळायला मिळत नाही. मोठा गेम १०० जीबीचा असतो आणि ४० एमबीपीएसच्या लाइनवर त्याला साडेपाच तास लागतात, तेही घरात कोणी मालिका पाहत नसेल तर. डाउनलोड लावून झोपावे. खेळ सुरू झाला की यूपीएसची मर्यादा लक्षात ठेवावी : ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो आणि लाइट गेल्यावर खेळता-खेळता पाच-दहा मिनिटेच देतो. तेवढ्यात गेम सेव्ह करून मशीन बंद करायचे असते. "हा एक मारतो आणि करतो" म्हणणाऱ्यांसाठी पुढचे मार्गदर्शन डेटा रिकव्हरीवर राहील.