शिट्टीसाठी कायपण

ऐकलंत का? शाळेच्या सहलीला जायला आता मुलांपेक्षा आईबापांच्याच उड्या पडतायत! वर्गाच्या ग्रुपवर 'सहलीसाठी स्वयंसेवक पालक हवेत' एवढा एक ओळीचा निरोप यायचा अवकाश, की रात्री साडेअकराला 'मी', 'मी पण', 'मॅम, मी तर गॅदरिंगलाच सांगून ठेवलं होतं' अशी झुंबड उडते. आणि ही मंडळी कोण? तर पालकसभेच्या दिवशीच ज्यांची गाडी नेमकी बंद पडते, ती!

बरं, समाजसेवेची हौस म्हणावी, तर तीही सरसकट नाही. फी किती वाढवायची यात पालकांनाही तोंड उघडता यावं म्हणून महाराष्ट्रात 2011 चा शुल्क विनियमनाचा कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर जायला इच्छुक असलेल्या पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवड करा, असं त्यात सांगितलंय. इच्छुकांची रांग लागेल आणि हाणामाऱ्या होतील, अशी कायदा करणाऱ्यांना भाबडी भीती असावी. आमच्या सभेत बाईंनी 'कोण इच्छुक?' विचारलं, तेव्हा अख्खा हॉल आपापल्या चपला निरखत होता. डिसेंबरात त्याच हॉलमध्ये खरोखरच चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. कशासाठी? तर राणीच्या बागेत शिट्टी फुंकत फिरायला!

आमच्या वेळी सहल म्हणजे आईपासून दिवसभर सुटका. डब्यात पुरीभाजी, रुमालाच्या गाठीत पाच रुपये, बस लागू नये म्हणून आवळासुपारी, आणि फाटकापाशी हात हलवणारी आई मागे मागे जाताना बघण्याचा तो पापी आनंद! ती बसमध्ये चढली असती ना, तर आम्ही दुसऱ्या दिवशी शाळेचं नाव बदलून मागितलं असतं.

आता वशिले बघा. एक बाई वर्गशिक्षिकेला तिळाच्या वड्या देऊन आल्या. संक्रांतीला तीन आठवडे होते अजून! एका बाबांनी अर्जाला प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र जोडलं. नीट वाचलं तर ते ऑफिसातल्या आग विझवण्याच्या तासाभराच्या कवायतीचं निघालं. तिसरीने म्हणे थेट मुख्याध्यापिकांना कळवलं की आमचे हे पक्षिनिरीक्षक आहेत. 'हे' म्हणजे बाल्कनीत कबुतरांची जाळी लावून घेतलेले गृहस्थ.

चिठ्ठ्या निघाल्या. निवडून आलेल्यांना शाळेने सूचनांचा कागद पाठवला. धाकटी भावंडं आणू नयेत. उंच टाचांची पादत्राणं नकोत. प्राण्यांना खाऊ घालू नये. आणि शेवटची, ठळक अक्षरातली: आपल्या पाल्याचा गट आपल्याला मिळणार नाही.

आमच्या डी विंगमधल्या वहिनी सकाळी सातला उंच टाचांच्या सँडलमध्ये, धाकट्याला बाबागाडीत घालून आणि माकडांसाठी केळ्यांची फणी घेऊन हजर. 'कागद आला होता ना?' असं बाईंनी विचारल्यावर त्या गोड हसून म्हणाल्या, 'हो, सेव्ह केलाय!'

पण खरा हाहाकार त्या शेवटच्या सूचनेने उडवला. म्हणजे काय, जायचं, दहा मुलं सांभाळायची आणि त्यात आपलं नसायचं? मग सुट्टी टाकली कशासाठी? बस मुलुंडहून सुटून हमरस्त्याला लागायच्या आत गटांचा काळाबाजार सुरू झाला. 'तुमचा पाचव्या गटात ना? माझी तिसऱ्यात. बदलूया का?' बाईंनी डोळे वटारले तेव्हा अदलाबदल थांबली. पण मग तिसऱ्या गटाच्या आई पाचव्याकडे बघत बसल्या आणि पाचव्याच्या तिसऱ्याकडे. मधल्या चौथ्या गटाने तेवढ्यात अख्ख्या बसला पुरेल इतका वेफर्सचा चुरा केला. एका मुलीने तर कमाल केली. स्वतःच्या आईला दिवसभर 'काकू' म्हणून हाक मारली. आईला वाटलं, लेक शिस्त पाळतेय. लेकीच्या मैत्रिणींना खरं कारण ठाऊक होतं!

सायन सर्कलला पहिली उलटी झाली. तेव्हा निम्मे स्वयंसेवक बसचं छप्पर बघत होते आणि उरलेल्यांना एकाच वेळी फोन आले. शाळेच्या मावशी उठल्या, वर्तमानपत्र पसरलं, पोराचं तोंड धुतलं, त्याला पुढच्या खिडकीशी बसवलं आणि तोंडात लिमलेटची गोळी सरकवली. दादर टीटी यायच्या आत सगळं आटोपलं. प्रथमोपचारवाले बाबा मागच्या सीटवर डोळे मिटून होते. त्यांना बस लागते.

भायखळ्याची ही बाग 1862 पासून लोकांना खुली आहे. तिचं वीर जिजामाता उद्यान झालं त्याला कैक वर्षं झाली, तरी सर्क्युलरवर एक आणि तोंडात दुसरं अशी दोन्ही नावं सुखाने नांदतात. मुंबईच्या पाच-सहा पिढ्या इथे हरवून सापडल्या आहेत. डिसेंबर-जानेवारीत तर दाराशी शाळांच्या बसची अशी रांग लागते की विचारू नका. बाग बुधवारी बंद असते. 'गर्दी टाळायला बुधवारी जाऊया' ही सूचना आमच्याच ग्रुपवरच्या एका हुशार बाबांची, आणि तिला चौदा अंगठेही मिळाले होते, हे आपलं जाता जाता.

आत शिरल्यावर भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर दगडी हत्ती आहे. घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. पक्षिनिरीक्षक गृहस्थांनी मुलांना गोल उभं करून भाषण ठोकलं, की हा हत्ती शिवाजी महाराजांच्या काळातला, युद्धात जखमी झाला म्हणून त्याला असे जोड आहेत. चष्मा लावलेल्या एका चिमुरडीने हात वर केला. 'काका, इंग्रज 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायला बघत होते. उचलताना क्रेन मोडली आणि हत्ती फुटला. मग तुकडे जोडले.' काका म्हणाले, 'तेच तर सांगतोय.' अतिउत्साही मदतनिसांनी उचलायला जाऊन फोडलेली मुंबईतली ही पहिली वस्तू असावी; आणि नेमकी तिच्याच सावलीत आमची फौज उभी होती.

मग पेंग्विन! अहो, पेंग्विनांनी घात केला. 2016 साली दक्षिण कोरियातून आणलेले हे हम्बोल्ट जातीचे पक्षी काचेपलीकडे 16 ते 18 अंशांच्या गारव्यात राहतात. बाहेर टळटळीत ऊन, हातात दहा दप्तरं, गळ्यात शिट्टी. अशात त्या अंधाऱ्या, थंडगार दालनात शिरलेला स्वयंसेवक पालक बाहेर कशाला येतोय? मुलांनी पाच मिनिटांत पेंग्विन पाहिले, एकाला 'गणिताच्या सरांसारखा चालतो' म्हणून नाव पाडलं आणि ती पाणघोड्याकडे निघालीसुद्धा. आया मात्र काचेला टेकून 'किती शिस्तीत राहतात बाई!' म्हणत उभ्याच. तिथेही एक बाबा 'हे अंटार्क्टिकातून आले' असं सांगत होते. हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. मुलांनी यावेळी हात वर केला नाही. एव्हाना त्यांना दया यायला लागली होती.

याच दालनातून फोटो गेले आणि घरी राहिलेल्या पालकांनी ग्रुपवर रणकंदन मांडलं. 'तिथे एसी आहे का? माझ्या मुलाला स्वेटर घाला.' 'माझी मुलगी एकाही फोटोत नाही, ती ठीक आहे ना?' 'फोटोत मुलीच्या डोक्यावर टोपी दिसत नाहीये, कृपया लक्ष द्या.' 'मागे तो माणूस कोण?' तो माणूस पेंग्विनला मासे घालणारा होता. आता स्वयंसेवकांनी मुलं बघायची की उत्तरं लिहायची? अर्थात उत्तरं! एका आईने तर पायरीवर बसकण मारून प्रत्येक मुलाचा 'मी ठीक आहे' असा स्वतंत्र फोटो काढायला घेतला. अकराव्या फोटोपर्यंत बारावं मूल वाघाकडे पोचलं होतं.

मला विचाराल, तर या सगळ्या खुळाचं मूळ इथेच आहे. बस कुठल्या सिग्नलला उभी आहे ते हल्ली फोनवर दिसतं. वर्गात कॅमेरा. डबा संपला का, ते संध्याकाळी बाईंना विचारता येतं. वर्षातला एक दिवस, त्यातले पाचसहा तास तेवढे पोरं नजरेआड होती. त्यांनी काय खाल्लं, कुणाशी भांडली, कुणाचा हात धरून चालली, हे आपल्याला कळत नव्हतं. तर तिथेही आपण शिट्टी घेऊन पोचलो! वर याला म्हणायचं शाळेला मदत.

आणि डबे. बाई गं, डबे! आपलं मूल दुसऱ्याच्या डब्यातलं काय खातं हे बघायला मिळणं, हाच तर या नोकरीचा खरा भत्ता. हिरवळीवर चादरी पसरल्या आणि तिथून जी माहिती बाहेर फुटली, ती अजून इमारतीत पुरतेय. जी बाई ग्रुपवर नाचणी-ज्वारीच्या पाककृती टाकते, तिच्या मुलाच्या डब्यात पावाला चॉकलेट फासलेलं. जिच्याकडे 'साखर बंद' आहे, तिच्या जुळ्यांनी शेजाऱ्याचे सगळे शंकरपाळे फस्त केले. आणि ठेपले आणणाऱ्या पोराभोवती नेहमीप्रमाणे दरबार भरला होता.

जेवणानंतर मोजणी. दर वेळी एखादं मूल कमी भरतं, असा जगाचा अनुभव. आमच्याकडे एक जास्त भरलं! स्वयंसेवकांनी पुन्हा मोजलं. पुन्हा एक जास्त. तिसऱ्या वेळी दोन जास्त, कारण एकीने बाबागाडीतलं बाळही धरलं. शेवटी मावशी आल्या. त्या आकडे म्हणत नाहीत. एकेका डोक्यावर टपली मारत जातात आणि प्रत्येक टपलीला नाव घेतात. ठेपल्यांच्या दरबारात एका डोक्यावर त्यांचा हात थांबला. पोरगं दुसऱ्याच शाळेचं! टोपी तीच नारिंगी, एका दुकानातली. एका आईने त्याला माकडांपाशी 'चल रे, रांगेत ये' म्हणून दंडाला धरून आणलं होतं आणि ते आज्ञाधारकपणे आलं. विचारलं, 'बाळा, बोलला का नाहीस?' तर म्हणे, 'इथला डबा चांगला आहे.' पलीकडे त्याच्या शाळेचे स्वयंसेवक पालक फोटोंना उत्तरं देत बसलेले. त्यांना पत्ताच नव्हता.

तिकडे गावाकडच्या शाळांचं बरं चाललंय. एसटी शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देते. पहाटे काळोखात गाडी शाळेपुढे लागते. वेरूळ, पैठण, शिर्डी करून पोरं परत. पालक येतात शाल गुंडाळून, गाडी हलताना 'कानटोपी घाल रे' असं एकदा ओरडतात आणि घरी जाऊन झोपतात. बोला, आहे का आपल्यात एवढी छाती?

हो, आणि त्या बाटल्यावाल्या बाबांचं सांगायचं राहिलंच. चिठ्ठीत यांचं नाव निघालं तेव्हा सगळे म्हणाले, हे कोण? दिवसभर ते स्वच्छतागृहाच्या दाराशी उभे. ज्याला जायचं त्याची बाटली, टोपी, दप्तर धरायचं, बाहेर आल्यावर हात धुवायला लावायचे, शर्ट खोचून द्यायचा, पुढचा. पेंग्विन पाहिले नाहीत. स्वतःचा मुलगा समोरून गेला, तर त्याचीही बाटली धरली आणि 'पुढचा' म्हणाले! बायकांमध्ये चर्चा अशी, की गृहस्थांनी एकही फोटो काढला नाही. एकही! मग गेले कशाला होते? काहीतरी पाणी मुरतंय खास.

आता ताजी खबर. शाळेने नवा नियम काढलाय. पुढच्या खेपेपासून स्वयंसेवक पालकांनी आपलं मूल असलेली इयत्ता सोडून दुसऱ्या कुठल्याही इयत्तेच्या सहलीला जावं. मदतच करायची आहे ना, मग करा! नोटीस लागल्यापासून एकीची पाठ धरलीय, पक्षिनिरीक्षकांना ऑडिट आलंय, प्रथमोपचारवाल्यांनी बसचं कारण पुढे केलंय आणि तिळाच्या वड्यांवाल्या बाई वर्गशिक्षिकेला ओळख दाखवेनाशा झाल्यात. यादीत उरलीत दोन नावं. एक त्या बाटल्यावाल्या बाबांचं. दुसरं आमच्या डी विंगमधल्या वहिनींचं. त्यांनी नोटीस सेव्ह केलीय. बाबागाडीला नवी चाकंही बसवून आणलीत म्हणे.