श्रेणी कळवण्याची शिस्त: खास भोपाळच्या मराठी घरांसाठी

निकाल लागला की पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांना तो लेखी कळवावा लागतो आणि भोपाळच्या मराठी पालकांची खरी परीक्षा तिथून सुरू होते. पहिला नियम असा, की श्रेणीचे अक्षर उघडे सोडू नये, एकेरी अवतरणचिन्हांत बसवावे. ‘चिरंजीवांना गणितात बी मिळाली’ असे नुसते लिहिले, तर मराठवाड्यातल्या आत्या ‘गणितातसुद्धा मिळाली’ असे वाचून मिळाली ती काय, हे विचारतील. पेरणीच्या गडबडीतले काका बियाण्याची सोय झाली म्हणून निश्चिंत होतील. ‘ए’ मिळाली तर कुणीतरी हाक मारल्यासारखे वाटते. यावर शंकेखोर म्हणतील, अवतरणात घातलेला शब्द टोमणा वाटतो, ‘विद्वान’ पाहुण्यांसारखा. रास्त आहे, पण पुढे ‘श्रेणी’ जोडली की टोमणा गळतो. इंग्रजी शाळेच्या सवयीने अक्षराआधी ‘एक’ मात्र लावू नये. इंग्रजीत तिथे आर्टिकल लागते. मराठीत ‘एक’ ही मोजणी असते. ‘एक ‘ए’ मिळाली’ म्हटले की वाचणारा लगेच उरलेल्या विषयांची चौकशी करतो. ‘एक ‘डी’ आली’ हे चालेल, किंबहुना तिथे ‘एकच’ लिहावे.

देवनागरी अक्षरांचे अभिमानी इथे आणखी अडकतात. महाराष्ट्रातल्या शाळांत श्रेणी अ-१, अ-२ पासून ब, क, ड करत इ-२ पर्यंत उतरतात. भोपाळच्या हिंदी वळणात मात्र तोच क्रम अ, ब, स, द असा चालतो. तिसऱ्या पायरीवरचा ‘स’ पुण्याच्या मावशींना वर्णमालेच्या टोकाचा, म्हणजे नापासाच्याही पलीकडचा वाटणार. मग सरळ गुणच का लिहू नयेत? कारण सीबीएसईची ‘ए-१’ नुसत्या गुणांवरून कळतच नाही. विषयात उत्तीर्ण झालेल्यांतल्या वरच्या आठव्या हिश्शाला ती मिळते, त्यामुळे सारख्याच गुणांना दोन विषयांत दोन श्रेण्या पडू शकतात. शिवाय गुणांनाही राज्याची सीमा असते. मध्य प्रदेश मंडळात १०० पैकी ३३ ला पास, महाराष्ट्रात ३५ लागतात. भोपाळात ३४ वर पेढे वाटणाऱ्या घराचे पुण्यात सांत्वन होते. म्हणून श्रेणी आणि गुण दोन्ही लिहून पुढे ‘उत्तीर्ण’ हा शब्द घालावा, आणि प्रत्यक्ष पत्रात त्याला मात्र चुकूनही अवतरणचिन्हे लावू नयेत.